विषय: मे महिन्यातील परीक्षा आणि आपल्या शाळेची इमारत

प्रेषक: सचिव, शाळा समिती, इंदूर
प्रति: मंडळाचे सर्व सभासद, येथील व परदेशस्थ

सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी आपल्या शाळेची इमारत केंद्र म्हणून देता येईल का, अशी विचारणा समितीकडे आली असून उत्तर देण्यासाठी पंधरा दिवस आहेत. मागितलेली क्षमता ४८० परीक्षार्थींची आहे, म्हणजे एका वर्गात २४ या हिशेबाने २० वर्ग आणि वर्गामागे दोन याप्रमाणे ४० पर्यवेक्षक लागतील. बाके, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि कॅमेरे यांची पाहणी झाली असून त्यांत मोठी अडचण दिसत नाही. समितीत मतभेद आहे तो विजेवरून. ४ मे २०२५ रोजी याच परीक्षेच्या वेळी वादळी पावसामुळे इंदूर आणि उज्जैन येथील काही केंद्रांवरची वीज गेली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले, हे येथील घराघरांत अजून बोलले जाते. आपल्याकडे सध्या केवळ कार्यालयापुरता इन्व्हर्टर आहे. ज्या सभासदांनी अशा परीक्षांचे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी आपले मत याच पत्रव्यवहारात कळवावे, ही विनंती.

आपला,
सचिव

---

प्रेषक: एक सभासद, न्यू जर्सी

माननीय सचिव महोदय आणि आदरणीय बाई (शाळेत मला शिकवणाऱ्या बाई या यादीवरची सगळी पत्रे वाचतात, हे मला ठाऊक आहे),

येथील आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये सॅट या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या परीक्षेच्या काही शनिवारी मी पर्यवेक्षक म्हणून काम केले आहे, आधी कागदावरच्या परीक्षेचे आणि मार्च २०२४ नंतर संगणकावरच्या परीक्षेचेही. कागदाच्या काळात सर्वांत जड काम मोजणीचे असे. प्रश्नपुस्तिका वाटण्यापूर्वी मोजायच्या, कोणत्या बाकावर कोणत्या क्रमांकाची पुस्तिका गेली याचा आराखडा काढायचा आणि परत आलेल्या पुस्तिकांचा मेळ बसेपर्यंत एकाही मुलाला उठू द्यायचे नाही. आता परीक्षा २ तास १४ मिनिटांची झाली आहे, वेळ प्रत्येकाच्या पडद्यावरच मोजला जातो, मध्येच इंटरनेट गेले तरी मुलाचे काम थांबत नाही, आणि लॅपटॉप बंद पडला तर तो पुन्हा सुरू केल्यावर सोडवलेले सारे जिथल्या तिथे असते व गेलेला वेळही मुलाच्या नावावर पडत नाही.

त्यामुळे माझी सूचना साधी आहे. वीज जितकी मिनिटे जाईल तितकी मिनिटे त्या वर्गाला शेवटी वाढवून द्यावीत, असे आधीच ठरवून पर्यवेक्षकांना लेखी द्यावे. इथे काहीही वेगळे घडले की त्याचा अहवाल त्याच दिवशी भरावा लागतो. तशी पद्धत आपणही ठेवावी.

आपला नम्र

---

प्रेषक: एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर

सप्रेम नमस्कार.

माझ्या विद्यार्थ्याने अहवालाविषयी जे लिहिले आहे ते सोन्यासारखे आहे, पण मिनिटे वाढवून देण्याची त्याची सूचना मात्र येथे चालणार नाही, आणि ती का चालणार नाही हे नीट समजून घेतल्याशिवाय आपण होकार देऊ नये. नीटची परीक्षा कागदावर होते, देशभर एकाच दिवशी दुपारी २ ते ५ या वेळेत होते, आणि घड्याळ केंद्राध्यक्षांच्या मालकीचे नसते. वेळ वाढवायचा की नाही हे परीक्षा घेणाऱ्या संस्थेने सांगायचे असते. आपण निरीक्षकांना आणि शहर समन्वयकांना तत्काळ कळवायचे आणि निर्णय येईपर्यंत वर्ग शांत ठेवायचा, एवढेच आपल्या हाती आहे. गेलेल्या वेळेची भरपाई नंतर करणे किती अवघड असते, हे २०२४ मध्ये दिसलेच. काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचल्यावर ते गुण मागे घेण्यात आले, २३ जूनला त्यांच्यासाठी पुन्हा परीक्षा ठेवली, आणि तिला ८१३ जणच बसले.

आपल्या शहरातल्या प्रकरणातही भरपाई सोपी ठरली नाही. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात एकल न्यायाधीशांनी जून २०२५ मध्ये याचिकाकर्त्या विद्यार्थ्यांची परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश दिला, जुलैमध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने तो रद्द केला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. वीज गेलेल्या आणि न गेलेल्या केंद्रांवरील मुलांनी किती प्रश्न सोडवले याची तुलना तज्ज्ञांकडून करून घेऊन, फरक पडला नाही, असे संस्थेने मांडले होते. निकालावर मला काही म्हणायचे नाही. मात्र खिडकीजवळच्या मुलीला दिसत होते आणि आतल्या भिंतीकडच्या मुलाला दिसत नव्हते, ही गोष्ट सरासरीत उरत नाही. ती उरते फक्त त्या वर्गाच्या कागदावर, आणि तो कागद त्याच घटकेला लिहिलेला असावा लागतो.

म्हणून प्रत्येक वर्गात एक छापील पान ठेवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. वीज किती वाजून किती मिनिटांनी गेली, किती वाजता आली, खिडक्या उघड्या होत्या की बंद, कोणत्या रांगेला अंधार होता, कोणता दिवा आणला, कोणाला कळवले, आणि खाली दोन्ही पर्यवेक्षकांच्या सह्या. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या पानाला मी स्वतः कवडीची किंमत देणार नाही.

१८० मिनिटांत १८० प्रश्न आहेत आणि बरोबर उत्तराला ४ गुण आहेत. दहा मिनिटे अंधार म्हणजे दहा प्रश्न, म्हणजे ४० गुण पणाला लागले. मे महिन्यातली माळव्यातली वादळे बहुधा दुपार कलल्यावरच येतात, म्हणजे नेमकी परीक्षेच्या वेळेत, आणि पाऊस आत येऊ नये व उत्तरपत्रिका उडू नयेत म्हणून आपण खिडक्या लावून घेतो, की उरलासुरला उजेडही गेला. आपल्या जुन्या बाजूच्या आठ वर्गांपुढे रुंद व्हरांडा आहे. उन्हाळ्यात तो सुखाचा वाटतो, पण आभाळ भरून आले की त्या वर्गांत फळ्यावरचेही दिसत नाही, हे तीस वर्षे तिथे शिकवल्यामुळे मी शपथेवर सांगू शकते. ते आठ वर्ग देऊच नयेत. नव्या बाजूचे १२ वर्ग, म्हणजे २८८ परीक्षार्थी, एवढाच होकार कळवावा.

जनित्राचा हिशेब असा आहे. एका वर्गात २० वॅटच्या चार नळ्या आणि ७५ वॅटचे चार पंखे धरले तर ३८० वॅट होतात, बारा वर्गांचे साडेचार किलोवॅटच्या थोडे वर. व्हरांड्यातले दिवे आणि कॅमेरे धरून साडेसात केव्हीएचे जनित्र पुरेल. वीस वर्ग दिले तर याहून बऱ्याच मोठ्या क्षमतेचे लागेल. ते भाड्याने मिळते. ते चालवणारा माणूस मात्र फाटक बंद होण्यापूर्वी, ओळखपत्रासह, आत हजर असला पाहिजे, कारण दीडनंतर मुलांना आत घेता येत नाही तिथे मेकॅनिकला कोण घेणार! जनित्र सुरू होईपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांसाठी प्रत्येक वर्गात चार्जिंगचे दोन दिवे ठेवावेत.

घड्याळांविषयीही लिहिते. मुलांना मनगटी घड्याळ लावता येत नाही, त्यामुळे भिंतीवरचे घड्याळ हाच त्यांचा एकमेव आधार असतो. अनेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका परीक्षेच्या केंद्रावर, माझ्या शेजारच्या वर्गातले घड्याळ मध्येच बंद पडले आणि ते कोणाच्या लक्षातच आले नाही. शेवटची घंटा झाली तेव्हा त्या घड्याळात अकरा मिनिटे शिल्लक होती आणि एक मुलगी पेन हातात धरून घड्याळाकडे बघत राहिली होती. आदल्या दिवशी बाराही घड्याळांत नवे सेल घालावेत आणि परीक्षेच्या सकाळी एकाच माणसाने फिरून ती एकमेकांशी जुळवावीत.

झडती, अंगठ्याचे ठसे, छायाचित्रे या गोष्टी ठरलेल्या सूचनांप्रमाणे होतात. मुलींची झडती बायकांनीच आणि आडोशाला घ्यायची असते. त्यासाठी प्रयोगशाळेची खोली मोकळी ठेवली म्हणजे झाले.

आपली,
बाई

---

प्रेषक: सचिव, शाळा समिती, इंदूर

सप्रेम नमस्कार.

बाईंचे पत्र समितीत वाचून दाखवले. २८८ परीक्षार्थींसाठी, नव्या बाजूच्या १२ वर्गांपुरता होकार कळवण्याचे ठरले आहे. जुन्या बाजूविषयी एका सदस्यांचे मत अजून वेगळे आहे. एवढे आढेवेढे घेतले तर पुढे शाळेला कोणी विचारणार नाही, असे ते म्हणतात, आणि त्यांचा आक्षेप इतिवृत्तात नोंदवला आहे. वर्गनोंदीच्या पानाचा मसुदा बाईंनी करावा आणि अहवालात तिकडे कोणकोणते रकाने असतात ते न्यू जर्सीच्या सभासदांनी त्यांना कळवावे.

येत्या रविवारी दुपारी २ ते ५ या वेळेत मुख्य वीज बंद करून, खिडक्या लावून, भाड्याच्या जनित्रावर बाराही वर्ग चालवून पाहणार आहोत. प्रत्येक वर्गात आतल्या भिंतीकडच्या बाकावर बसून बारीक टाइपातले पान वाचण्यासाठी बारा सभासद हवे आहेत. चष्मा असलेल्यांनी तो आणावा.

आपला,
सचिव