रायफलचा बोल्ट तपासायला घरी केलेली डमी काडतुसं: वापरावीत की नाही?

लक्ष्यवेधी
एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारं नख) नवा बसवला, मॅगझिनची स्प्रिंग बदलली की पहिला प्रश्न हाच असतो: काडतूस नीट वर येतंय का, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेत) सरकतंय का, चेंबर मागून बंद करणारा बोल्ट मागे ओढल्यावर बाहेर पडतंय का? हे बघायला कित्येक जण घरातच जिवंत काडतुसं भरून बोल्ट मागेपुढे करतात. हे थांबायलाच हवं. एम-१६ च्या कुळातल्या रायफलींमध्ये फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट झपकन पुढे गेला की पिन आपल्याच वेगाने प्रायमरवर (बारूद पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीवर) टेकते. भरून, न झाडता काढून घेतलेल्या काडतुसाच्या प्रायमरवर तो बारीक ठिपका स्पष्ट दिसतो.

माझं मत: डमी, म्हणजे बारूद आणि प्रायमर नसलेलं नकली काडतूस, वापरा, आणि ती स्वतः करा. विकतची प्लॅस्टिकची डमी वजनाला हलकी असते आणि तिचं टोक तुमच्या गोळीसारखं नसतं. गोळी रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) नेमकी कुठे आपटते हे कळायला खरी पितळी पुंगळी आणि रोजच्या वापरातलीच गोळी लागते. प्रायमर न बसवलेली नवी पुंगळी साइझिंग डायमधून (पुंगळी मापात आणणाऱ्या साच्यातून) काढा आणि बारूद न घालता गोळी नेहमीच्या खोलीवर बसवा. उदाहरणार्थ, .३०८ विंचेस्टर काडतुसाची कमाल लांबी ७१.१२ मिमी आहे. त्यापुढे गेलात तर ती मॅगझिनमध्येच अडकू शकते, आणि दोष नसताना रायफलला दोष लागतो.

सावधचित्त
असहमत. मार्च १९९३ मध्ये अमेरिकेत चित्रीकरण चालू असताना अभिनेता ब्रँडन ली गेला, त्याची सुरुवात अशाच हाताने केलेल्या डमींपासून झाली. जिवंत काडतुसांतून बारूद काढून गोळ्या परत बसवल्या, प्रायमर मात्र राहिला. प्रायमरच्या जोराने एक गोळी नळीत शिरून अडकली. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमधून ब्लँक (गोळी नसलेलं, नुसत्या बारुदाचं काडतूस) झाडलं आणि ती अडकलेली गोळी बाहेर आली. असं काम करणारा प्रत्येक जण स्वतःला सावधच समजत असतो. विकतची लाल किंवा निळी डमी लांबूनही ओळखू येते, तुमची पितळी येत नाही.

लक्ष्यवेधी
सावधचित्त, तिथे जिवंत काडतुसं उघडली होती. मी त्याच कारणासाठी नवी पुंगळी म्हणालो. जिवंत काडतूस उघडून डमी करूच नये, यावर आपलं एकमत आहे. ओळखीसाठी गोळी बसवण्याआधी पुंगळीला आरपार भोक पाडायचं आणि कडेचा चुरा घासून काढायचा. बुडाशी प्रायमरची जागा रिकामी, कुशीत भोक: अंधारात बोट फिरवलं तरी कळतं. सैन्याच्या सरावाच्या काडतुसांवरही भोकं किंवा उभ्या खाचा असतात, त्या याचसाठी.

गॅसपिस्टन
तुमच्या वादात मूळ मुद्दाच राहतोय. सेमी-ऑटो रायफल गॅसच्या दाबावर चालते. हाताने हँडल ओढून डमी भराभर बाहेर पडली म्हणून रायफल पास झाली असं कसं म्हणणार? गॅसचं छिद्र बुजलंय का, बोल्ट पुरता मागे जातो का, यातलं डमी काहीच सांगत नाही. शिवाय झाडलेली पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते. एक्स्ट्रॅक्टरची खरी परीक्षा तिथे असते. डमी कधी फुगतच नाही, म्हणून चेंबर खडबडीत असलं तरी ती अलगद निघते. शेवटी रेंजवर जाऊन जिवंत काडतुसं झाडावीच लागतात.

लक्ष्यवेधी
रेंज कोण टाळतंय? पण तिथे जाण्याआधी निम्मे दोष टेबलावरच सापडतात. माउझर ९८ च्या धाटणीची रायफल घ्या. तिच्यात मॅगझिनमधून वर येताना काडतुसाच्या बुडाची कड एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली खालून सरकावी लागते. डमी मॅगझिनमधूनच भरा, बोल्ट सावकाश पुढे न्या, नख कड पकडतंय की नाही ते डोळ्यांनी दिसतं. चेंबरमध्ये थेट डमी टाकून बोल्ट रेटू नका. त्यातून काही कळत नाही आणि नख तुटायची भीती असते.

सावधचित्त
बरं, भोकाचं पटलं. पण तुमची पितळी डमी टिकते किती? रॅम्पवर आपटून आपटून गोळी आत सरकत जाते, लांबी घटते. मग छोटी झालेली डमी मजेत आत जाते आणि तुम्ही खूश होता. ॲल्युमिनियमची अखंड डमी तशीच राहते.

लक्ष्यवेधी
म्हणून दर वेळी व्हर्नियर कॅलिपरने मापायची. पुंगळीची मान घट्ट क्रिंप केली (गोळीभोवती आवळली) किंवा गोळीला आतून थोडं इपॉक्सी लावलं तर बराच फरक पडतो. कड एक्स्ट्रॅक्टरने कुरतडली की ती डमी बाद.

नवशिका२२
हीच डमी ट्रिगरच्या सरावाला चालेल का? माझी .२२ रिमफायर आहे.

गॅसपिस्टन
नाही. .२२ ची पिन कडेवर बसते, ही सगळी चर्चा मध्यभागी प्रायमर असलेल्या काडतुसांची आहे. .२२ साठी विकतचीच घ्या, आणि ती ट्रिगरच्या सरावाला चालते की फक्त भरून बघायला, हे पाकिटावर वाचून घ्या. दोन्ही प्रकार मिळतात. लक्ष्यवेधींच्या डमीतही प्रायमरची जागा मोकळी असते, पिनला तिथे काहीच आधार नाही. ट्रिगर ओढायचा असेल तर तिथे रबर भरावं लागेल.

सावधचित्त
आणि ज्या खोलीत डमी काढाल तिथे जिवंत काडतुसाचा डबा ठेवू नका. लक्ष्यवेधी, तुमची भोकं आणि इपॉक्सी मान्य करूनही मी विकतचीच वापरणार.