मदत हवी आहे : आफ्रिकान्स एकपात्री संहिता

नमस्कार मंडळी, मराठीत रंगमंचावर आणण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेतलं समकालीन स्वगत शोधतेय. साधारण वीस मिनिटांचं, चाळिशीतल्या बाईचं, १९९४ नंतर, म्हणजे तिथली वर्णभेदाची राजवट संपल्यावर लिहिलेलं.

अ‍ॅडम स्मॉल यांचं १९६५ चं 'कान्ना ही को हेइस्तू' हे नाटक वाचलं आणि त्यात पुरती गुंतले. चाकाच्या खुर्चीतली माकीट, परदेशी गेलेला आणि थेट तिच्या अंत्यविधीला परतणारा कान्ना. आणि भाषा केपच्या वस्त्यांमधली, काप्स, पुस्तकी नव्हे! मला आजच्या लेखनात हाच बाज हवाय. एमी जेफ्टा यांनी ब्रेख्तची 'मदर करेज' केप टाउनलगतच्या केप फ्लॅट्स वस्त्यांच्या टोळीयुद्धात नेली, ते 'क्रिस्टालफ्लाक्ते' ऐकून आहे. त्याची छापील प्रत कुठे मिळेल?

अडचण अशी की आउट्सहोर्नचा क्लाइन कारू महोत्सव किंवा स्टेलेनबॉशचा वूर्डफेस्ट इथे होणारी बरीच नाटकं पुस्तकरूपात येतच नाहीत. केप टाउन, जोहान्सबर्गला कुणी असेल तर अशा संहिता कशा मिळवतात, कृपया सांगा.

प्रयोगाच्या आणि भाषांतराच्या हक्कांसाठी दाल्रो या तिथल्या हक्क सांभाळणाऱ्या संस्थेला लिहायचं की थेट नाटककाराला? कुणी हे केलं असेल तर मानधनाचं कसं ठरलं तेही कळवा. परवानगीशिवाय तालीम सुरू करणार नाही.