दर महिन्याला सर्दी मलाच का?

सांगलीहून विचारतेय. वय 34, बालवाडीत शिकवते. जूनपासून ही पाचवी सर्दी. अहो पावसात भिजून आले तरी साधं शिंकत नाहीत. सासूबाई म्हणतात, तुझी कफाची प्रकृती, ताक बंद कर. दोन महिने ताकाला शिवले नाही, तरी नाक वाहतंच. माझी प्रतिकारशक्ती कमी आहे का? रक्त तपासू का?

— ताई, बालवाडी म्हणालात तिथेच निम्मं उत्तर आलं. मी वीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होते. मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा सर्दी होते, लहान मुलांना सहा-आठ वेळा. सर्दीचे विषाणू 200 हून जास्त, एकाशी लढून झालं तरी दुसरा नवाच. शेंबूड पुसलेला हात तुमच्या पदराला लागतो आणि तोच पदर तुम्ही डोळ्याला लावता. डबा खाण्याआधी साबणाने हात धुवा. वारंवार न्यूमोनिया किंवा कान फुटणं असेल तर मात्र तपासण्या कराच.

— माझी सर्दी दहा वर्षं सर्दी नव्हतीच! सकाळी अंथरूण काढताना सलग पंधरा शिंका, पाण्यासारखं नाक, टाळूला खाज. अकरापर्यंत सगळं शांत. ताप कधीच नाही. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "आठवड्यात बरी होते का?" होत नव्हती. ती अ‍ॅलर्जी निघाली, कापसाच्या जुन्या गादीतल्या धूळकिड्यांची. तोवर मी चार महिने नाक मोकळं करणारे थेंब घालत होते. ते आठवड्याच्या वर घातले की नाक उलट जास्त चोंदतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही कृपा करून ती चूक करू नका.

— झोप किती होते? 2015 मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडून पाहिलं होतं. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली.

— सगळ्यांचे मनापासून आभार. वही काढून बसले. तीन वेळा वर्गात साथ होती, आधी घसा खवखवला होता. पण एकदा गणपतीआधी माळा झाडला तेव्हा, आणि आता दिवाळीच्या साफसफाईत. तेव्हा तर शाळेला सुट्टी होती! घसा ठीक, नुसत्या शिंका. झोप जेमतेम साडेपाच तास. सोमवारी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे ही वही घेऊनच जाते. आणि आज जेवताना ताक घेतलं.