मेक्सिकन लोकनृत्य: पाय जमतात पण ताल सुटतो, घागरा आणि फरशीचंही विचारायचंय

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. इथल्या एका शाळेत आठवी-नववीच्या 12 जोड्यांचा मेक्सिकन लोकनृत्याचा गट बसवतोय. या शैलीत रीतसर तयार झालेले एक व्यावसायिक नर्तक दर शनिवारी दोन तास शिकवतात. आठवड्यातले आणखी दोन दिवस पाऊण-पाऊण तास सराव मी घ्यायचा. स्नेहसंमेलनाला आठ आठवडे आहेत. मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांतातला एक 'सोन' (तिथला लोकगीतावरचा नाच) करायचा आणि शेवटी हाराबे तापातिओ या प्रसिद्ध जोडीनृत्यामधला, जमिनीवर टाकलेल्या टोपीभोवती नाचायचा तुकडा जोडायचा असं ठरलंय.

तीन अडचणी आहेत. एक, पायांचे ठोके तोंडी मोजून बरोबर पडतात, पण संगीत लावलं की चौथ्या-पाचव्या आवर्तनात सगळी मुलं सुटतात. बहुतेकांना लेझमीची सवय आहे, चार-पाच मुली कथक शिकतात. दुसरी अडचण मुलींच्या घेरदार स्कर्टची. घरोघरचे घागरे चालतील की नवे शिवायचे? शिवायचे तर कापड किती लागेल? आणि तिसरी, शाळेच्या सभागृहात शहाबादी फरशी आहे. नाच शिकवणारे सर म्हणतात लाकूड हवं. एवढा खर्च खरंच गरजेचा आहे का?

तबला_आणि_टाच

तालाचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

हालिस्कोचे सोन सहा मात्रांचे असतात, पण त्या सहा मात्रा दोन तऱ्हांनी तुटतात. कधी 3+3, म्हणजे जोर 1 आणि 4 वर. कधी 2+2+2, म्हणजे जोर 1, 3 आणि 5 वर. संगीत या दोन्हींमध्ये सतत येजा करतं, आणि अनेकदा खर्जातली मोठी गिटार, म्हणजे गितार्रोन, एक सांगते तेव्हा छोट्या गिटारसारख्या व्हिवेलाची छेड दुसरंच सांगत असते. दादरा ऐकलेल्या कानाला 3+3 लगेच कळतो. 2+2+2 आला की मुलांना लय बदलल्यासारखी वाटते आणि ती घाई करतात. प्रत्यक्षात लय तीच असते, फक्त जोर हलतो.

आता पाय बघा. सापातेआदोचा, म्हणजे बुटांनी ठोके देण्याच्या पदन्यासाचा, पायाभूत ठोका तिनाचा: उजवा-डावा-उजवा, डावा-उजवा-डावा. म्हणजे पाय अखंड आलटूनपालटून पडतात. 1, 3, 5 उजवा आणि 2, 4, 6 डावा. 3+3 मध्ये जोर एकदा उजव्यावर, एकदा डाव्यावर येतो. 2+2+2 मध्ये तिन्ही जोर उजव्यावरच. ठोके तेच सहा, फक्त कोणता जड टाकायचा ते बदललं. हे मुलांच्या पायात उतरलं की निम्मं काम झालं.

लेझमीवाल्यांची चूक नेमकी एका जागी होते. उजवा-डावा-उजवा झाला की ती नकळत एक मात्रा थांबतात आणि तिनाचे चार होतात. पहिली काही आवर्तनं ते कानावर येत नाही, कारण पुढचा ठोका घाईने टाकून मुलं भरपाई करतात. चौथ्या-पाचव्याला ती भरपाई पुरत नाही. तुमचं सुटणं तिथलंच आहे.

उपाय असा. पहिले दोन आठवडे सरावाला संगीत लावूच नका. बसून, मांडीवर हात आलटूनपालटून मारत 'तकिट तकिट' म्हणा, चार आवर्तनं. लगेच न थांबता 'तक तक तक', चार आवर्तनं. मग दोन-दोन, मग एक-एक. त्यानंतर अर्ध्या गटाने 1-4 वर टाळी द्यायची, उरलेल्यांनी 1-3-5 वर, आणि अदलाबदल. हे स्वच्छ झाल्यावरच उभं राहायचं. मग रेकॉर्डिंग 60 टक्के वेगाने, दर आठवड्याला दहा टक्क्यांनी वाढवत. फोनवरच्या बहुतेक ॲपमध्ये सूर न बदलता वेग कमी करता येतो.

मेक्सिकोच्याच वेराक्रूझ प्रांताकडे फान्दांगोत, म्हणजे गाण्या-नाचण्याच्या सामूहिक मैफलीत, नवख्यांना 'काफे कोन पान' असं तोंडाने म्हणायला लावून ठोका शिकवतात. बोल म्हणून पाय टाकण्याची आपली सवय इथे अजिबात परकी नाही, ती बिनधास्त वापरा.

हाराबे तापातिओ मात्र वेगळा हाताळा. ती अनेक छोट्या तुकड्यांची माळ आहे, त्यात काही तुकडे सहाचे, काही दोनाचे. जोड कुठे येतात ते आधी ऐकवून ठेवा, नाहीतर तुकडा बदलला की रांग फुटते.

पदन्यास_सातारा

वरच्या सरांचं पटतं. त्यात कथकच्या मुलींबद्दल एक भर.

तत्कारात, म्हणजे कथकच्या पदन्यासात, पाय अनवाणी, सपाट आणि गुडघा बराचसा सरळ असतो. इथे टाचेचा बूट असतो, गुडघा किंचित सैल आणि वजन चवड्याकडे झुकलेलं. पूर्ण ठोका, ज्याला गोल्पे म्हणतात, त्यात चवडा आणि टाच एकाच क्षणी टेकायला हवेत. कथकच्या मुली बूट घातल्यावर टाच आधी आपटतात, त्यामुळे एका ठोक्याचे दोन आवाज येतात आणि हादरा थेट नडगीत जातो. पाय जमिनीपासून चार-पाच बोटांपेक्षा वर उचलू देऊ नका. उंच उचलला की वेगात मागे पडतोच. कमरेवरचं शरीर स्थिर, छाती उघडी. खांदे ठोक्याबरोबर उडत असतील तर गुडघे ताठ आहेत असं समजा आणि खांदे नव्हे, गुडघे दुरुस्त करा.

गोल्पे, चवडा (पुंता) आणि टाच (ताकोन) या तिन्हींचा आवाज वेगळा यायला हवा. डोळे मिटून एकेका मुलाला ऐका. तिन्ही सारखे ऐकू आले तर वजन चुकतंय.

मधल्या सरावात नवीन पदन्यास अजिबात शिकवू नका. शनिवारी सरांच्या पायांचं चित्रण त्यांच्या पाठीमागून करा. समोरून केलं की मुलं डावं-उजवं उलट पाठ करतात आणि पुढचा शनिवार ते पुसण्यात जातो. पाऊण तासात प्रत्यक्ष ठोके पहिल्या दोन आठवड्यांत 15 मिनिटांपेक्षा जास्त नकोत. नडगीच्या आतल्या कडेला दाबून दुखत असेल तर त्या मुलाने त्या दिवशी फक्त हातांच्या हालचाली आणि मंचावरच्या जागा यांचा सराव करायचा.

सुईदोरा_मिरज

घागऱ्याचं उत्तर: नाही. कळीदार घागऱ्याचा घेर कमी पडतो, काठाला जर असेल तर तो जड काठ घोट्यावर आपटतो, आणि आत कॅनकॅन असेल तर कापड हातात येतच नाही. या नाचात स्कर्ट पकडून फिरवायचा असतो, त्यासाठी दुहेरी गोलाचा घेर लागतो.

हिशोब सांगते. कंबर 28 इंच, उंची 38 इंच धरा. दोन पूर्ण गोल जोडायचे, म्हणजे प्रत्येक गोलाच्या वाट्याला 14 इंच कंबर. त्याची त्रिज्या सव्वादोन इंच. त्यात 38 आणि दुमडीचा एक इंच मिळवला की साधारण सव्वाएक्केचाळीस. 44 इंच पन्ह्यात एक अर्धगोल बरोबर बसतो आणि त्याला दोन मीटर दहा सेंटिमीटर लांबी जाते. असे चार अर्धगोल, म्हणजे साडेआठ मीटर. उंची 34 असेल तर पावणेआठ मीटरमध्ये भागतं. खालचा घेर जवळपास 13 मीटर होतो, म्हणून फितीची प्रत्येक ओळ 13 मीटर धरून चाला. हालिस्कोच्या पोशाखावर फितींच्या अनेक ओळी असतात. शाळेसाठी रुंद अशा तीन पुरेत, मंचावरून दिसतात.

कापड पॉपलीन घ्या. जॉर्जेट हवा धरत नाही, सॅटिन हातातून निसटतं. आधी धुऊन आकसू द्या. कापून जोडल्यावर स्कर्ट एक पूर्ण दिवस टांगून ठेवा आणि मगच खालची कड समान करा. गोलात तिरका धागा येतो तिथे कापड लोंबतं, आधी दुमडलं तर कड वरखाली दिसते. कमरेला इलॅस्टिक नको. फितीसकट किलोभर वजन होतं, गिरकीत ते खाली सरकतं. दोन इंची पट्टा आणि दोन हूक लावा.

खर्च वाचवायचा तर सराव आणि मंच यांसाठी एकच स्कर्ट ठेवा आणि फिती शेवटच्या आठवड्यात लावा. पण सराव तिसऱ्या आठवड्यापासून स्कर्ट घालूनच व्हायला हवा. ओढणी धरून केलेला सराव उपयोगाचा नाही, वजनच वेगळं असतं.

पदन्यास_सातारा

ताईंनी हिशोब अगदी चोख दिला. स्कर्ट धरण्याबद्दल: कड मुठीत चुरगळायची नाही, अंगठा वर आणि बोटं खाली ठेवून धरायची. कोपर थोडं पुढे. हात शरीराच्या मागे गेले की समोरचा घेर मिटतो. हालचाल आडव्या आठाच्या आकड्यासारखी, कोपर आणि मनगटातून. मुली प्रत्येक ठोक्याला स्कर्ट हलवायला जातात आणि तो लटपटतो. कापड पायापेक्षा सावकाश येतं, म्हणून सहा ठोक्यांना एक फेक ठेवा आणि हात ठोक्याच्या किंचित आधी निघू द्या. पूर्ण फेकीला एका मुलीला सहा-सात फूट लागतात. तीस फुटी मंचावर एका रांगेत चारच मुली उभ्या करा, बाकीच्या मागच्या रांगेत, पुढच्यांच्या फटीत.

रंधा_आणि_फळी

लाकूड हवंच. शहाबादी फरशी जराही दबत नाही, सगळा हादरा हाडांत जातो. शिवाय आवाज मरतो. तिकडे फान्दांगोत तारिमा नावाचा पोकळ लाकडी चौथरा असतो, आणि नाचणारे त्यावर ठोके देतात तेव्हा ते साथीचं वाद्यच वाजवत असतात. तंबोऱ्याला भोपळा जे देतो ते तारिम्याची पोकळी पायांना देते. मिरजेच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

सगळं सभागृह झाकायची गरज नाही. 8 बाय 4 फुटांच्या 18 मि.मी. प्लायच्या तीन फळ्या पुरतील. एका फळीवर स्कर्टशिवाय चार मुलं मावतात, म्हणजे अर्धा गट फळीवर आणि अर्धा गट टाळीवर. खाली तीन बाय दोन इंची पट्ट्या, उभ्या, दर 16 इंचांवर. तळ उघडा ठेवा. पट्ट्यांखाली रबराचे तुकडे चिकटवा, नाहीतर फळी फरशीवर सरकते. स्क्रूची डोकी प्लायच्या आत बसवा. दोन फळ्या शेजारी लावल्यात तर सांध्यावर रुंद चिकटपट्टी हवी, कारण टाच फटीत अडकली तर घोटा मुरगळतो.

बुटांचं: व्यावसायिक नर्तकांच्या बुटांना चवड्याच्या टोकाला आणि टाचेला खिळे दाटीने ठोकलेले असतात. शाळकरी मुलांना ते नकोत, गुळगुळीत फरशीवर घसरतात. मुलींना दीड इंची रुंद टाचेचे, पट्टा असलेले बूट आणि मुलांना कडक सोलचे चामडी बूट पुरे. सरांनी खिळ्यांचा आग्रह धरलाच तर चांभाराला सांगा की खिळा सोलच्या जाडीपेक्षा आखूड हवा, नाहीतर टोक आत वर येतं. आणि नाट्यगृहाच्या मंचावर खिळ्यांचे बूट चढवण्याआधी व्यवस्थापकांची परवानगी घ्या. तुमच्या फळ्या मंचावर नेणं सगळ्यात सोपं.

कृष्णाकाठ_सांगली

फार मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. फळ्यांचं काम उद्याच सुतारांना सांगतो. दोन गोष्टी राहिल्या. काही पालक म्हणतात की एका गाण्यात वेराक्रूझचा पांढरा पोशाख आणि हरणाचा नाचही घालूया, रंगत येईल. आणि टोपी फेकली की ती घरंगळते, त्याचं काय करावं?

पदन्यास_सातारा

मिसळ करू नका. वेराक्रूझचा पांढरा झालरदार पोशाख आणि काळा भरतकामाचा एप्रन हा तिथल्या सोन हारोचो या शैलीचा, त्याला हार्प आणि हाराना या छोट्या गिटारसारख्या वाद्याचं संगीत. तो मारियाचीवर, म्हणजे हालिस्कोकडच्या वाद्यवृंदाच्या संगीतावर, घालणं म्हणजे एका प्रांताला दुसऱ्याचे कपडे घालणं. वेगळा तुकडा करायला वेळ असेल तर जरूर करा, पण आठ आठवड्यांत एकच प्रांत नीट होईल. हरणाचा नाच याकी आणि मायो या तिथल्या मूळनिवासी लोकांचा धार्मिक विधी आहे. व्यावसायिक मंडळी तो रंगमंचावर करतात हे खरं. अमालिया एर्नान्देस यांनी 1952 साली स्थापन केलेल्या बॅले फोल्क्लोरिको दे मेहिकोमुळे तो जगभर पोहोचला. तरी तो शाळेच्या संमेलनात रंगतीसाठी वापरू नये असं मला ठामपणे वाटतं. मुलग्यांना स्वतंत्र काही द्यायचंच असेल तर पुढच्या वर्षी मिचोआकानच्या पुरेपेचा लोकांचा म्हाताऱ्यांचा नाच घ्या: मुखवटे, काठ्या, लाकडी तळव्यांच्या चपला. त्याचाही अर्थ आधी मुलांना सांगून.

टोपी घरंगळते कारण ती हलकी आहे आणि उंचावरून फेकली जाते. काठात जाड तार शिवून घ्या, आतून रबरी जाळीचा तुकडा लावा. मुलाने कमरेच्या उंचीवरून, काठ जमिनीला समांतर ठेवून, मनगटाने हलकेच सोडायची. मुलगी काठावर पाय टाकते तेव्हा फक्त चवड्याचं टोक टेकवायचं, सगळं वजन बाहेरच्या पायावर. वजन टोपीवर गेलं की ती पायाखालून निघते. पहिले दहा दिवस टोपीच्या जागी खडूने वर्तुळ काढा आणि त्याच्या रेषेवर पाय पडतोय का ते बघा.