मदत हवी आहे: खोडाच्या छेदात स्थूलकोन ऊती आणि दृढ ऊती वेगळ्या ओळखू येत नाहीत

प्रयोगवही
नववीच्या मुलांना ऊती, म्हणजे सारखं काम करणाऱ्या पेशींचे समूह, प्रत्यक्ष दाखवायच्या आहेत. सूर्यफुलाच्या कोवळ्या शेंड्याचा आडवा छेद घेऊन 1 टक्के सॅफ्रानिनमध्ये (लाल रंगद्रव्यात) पाच मिनिटं ठेवते. धुतल्यावर सगळाच छेद सारखा लाल दिसतो. स्थूलकोन कुठली आणि दृढ कुठली, ते मुलांना दाखवता येत नाही. काही छेदांत काळी वर्तुळंही येतात. दुसरी अडचण प्राणी ऊतींची: चिकनच्या तुकड्यावर मिथिलिन ब्लू टाकून पाहिलं, पण स्नायूंवरचे आडवे पट्टे दिसत नाहीत. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक आहे, 10 आणि 40 च्या वस्तुभिंगांचा. काय चुकतंय?

खोडमूळ
तुमची मुख्य अडचण रंगात नाही, शेंड्यात आहे. सॅफ्रानिन लिग्निनला, म्हणजे पेशींच्या भित्तिका टणक करणाऱ्या द्रव्याला, घट्ट धरून बसतं. दृढ ऊतीच्या भित्तिकेत लिग्निन साठतं ते त्या भागाची लांबीतली वाढ थांबल्यावर. वाढत्या शेंड्यात दृढ ऊतीचं लिग्निन अजून साठलेलंच नाही, तर ती वेगळी लाल काय दिसणार? त्या वयाच्या खोडाला आधार असतो तो स्थूलकोन ऊतीचा. तिच्या पेशी जिवंत असतात, कोपऱ्यांतलं जाडपण सेल्युलोज आणि पेक्टिनचं असतं, म्हणून खोड लांबताना त्या ताणल्या जातात. दृढ ऊतीच्या पेशी बहुधा मेलेल्या, ताणल्या न जाणाऱ्या. हे मुलांना आधी सांगा, मग छेद दाखवा.

सूर्यफूलच घ्यायचं तर वरून तिसरं-चौथं कांडं घ्या. पण माझं मत विचाराल तर भोपळ्याचा वेल घ्या, शेंड्यापासून फूटभर खालचा. त्याच्या पाच कंगोऱ्यांखाली स्थूलकोन ऊती असते आणि थोडं आत गेलं की दृढ ऊतीचं सलग कडं. एकाच दृश्यात दोन्ही. खोड पोकळ असल्यामुळे अख्खा गोल छेद काढायच्या मागे लागू नका. एक कंगोरा येईल अशी उभी फोड करा, ती गाजराच्या चिरेत बसवा आणि गाजरासकट कापा.

ब्लेड नवं आणि ओलं हवं. दाबून कापू नका, तिरकं ओढत कापा. वीसेक काप पाण्यात पडू द्या आणि त्यातला जवळजवळ दिसेनासा झालेला काप ब्रशने उचला. एका कडेला पातळ झालेला अर्धवट काप चालतो, उलट तोच चांगला दिसतो. जाड छेदात पेशींचे तीन-चार थर एकावर एक येतात आणि रंग साठून सगळंच लाल दिसतं.

रंगपेटी
वरच्यात भर. 1 टक्के द्रावण सरळ वापरू नका. वॉच ग्लासमधल्या (काचेच्या उथळ वाटीतल्या) पाण्यात चार-पाच थेंब पुरे. एक-दोन मिनिटं ठेवा आणि पाण्याला रंग येणं थांबेपर्यंत धुवा. तरी गडद वाटलं तर 100 मिली 70 टक्के अल्कोहोलमध्ये हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकून त्यात छेद काही सेकंद बुडवा आणि लगेच पाण्यात टाका. सेल्युलोजच्या भित्तिकांचा रंग आधी उतरतो, लिग्निनचा टिकतो. हे काम शिक्षकांनीच करावं.

याहून सोपं म्हणजे टोल्युडिन ब्लू. 100 मिली पाण्यात 50 मिलीग्रॅम, म्हणजे 0.05 टक्के. एक मिनिट, मग धुणं. लिग्निन असलेल्या भित्तिका हिरवट निळ्या होतात, स्थूलकोन ऊती गुलाबी-जांभळी. एकाच रंगात दोन उत्तरं मिळतात, म्हणून शाळेसाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं मला सुचत नाही. फक्त हा छेद पाण्यातच पाहा. रंगवल्यावर अल्कोहोलमध्ये नेलात तर रंगांतला हा फरक निघून जातो.

काळी वर्तुळं म्हणजे हवा. रंगवण्याआधी छेद काही सेकंद अल्कोहोलमध्ये बुडवून पाण्यात धुतला की पेशींमधली हवा निघते. कव्हरस्लिप एका कडेवर तिरकी टेकवून सुईच्या आधाराने हळू सोडा.

पेशीबंध
स्नायूंचं मी सांगतो. तुकडा जाड आहे आणि प्रकाश जास्त आहे, ही दोनच कारणं. छातीचं ताजं मांस घ्या. गोठवलेल्यात बर्फाच्या स्फटिकांनी तंतू फाटलेले असतात. थोडं उकडलं की तंतू सहज सुटतात. केसाएवढा धागा 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात ठेवून दोन सुयांनी आणखी उकला. मिथिलिन ब्लूचा फिका थेंब, दोन मिनिटं, मग टिपकागदाने जादा रंग टिपा. 40 च्या भिंगाखाली डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) बराच बंद करा. पट्ट्यांमधलं अंतर साधारण दोन मायक्रॉन असतं. ते या भिंगाला दिसतं, पण लख्ख उजेडात पुसलं जातं.

त्याच कोंबडीचा पेटाही (दाणे भरडणारं जाड जठर) आणा. तो मुख्यतः अनैच्छिक, पट्टे नसलेल्या स्नायूंचा. पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या, प्रत्येकीत मध्ये एकच केंद्रक. छातीच्या तंतूत केंद्रकं अनेक आणि कडेला. पेटा चिवट असतो, सुट्या पेशी मिळतीलच असं नाही, पण पट्टे नाहीत हे नक्की दाखवता येतं.

प्रयोगवही
फार उपयोग झाला, मनापासून आभार. एकच राहिलं: तासाला वेळ कमी असतो. छेद आदल्या दिवशी कापून ठेवले तर चालतील का? आणि ज्या मुलांना ब्लेड द्यायचं नाही, त्यांनी काय करावं?

खोडमूळ
चालतील. 70 टक्के अल्कोहोलमध्ये झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन-तीनदा पाणी बदलून धुवा, मगच रंगवा. न धुता टोल्युडिन ब्लूमध्ये टाकलेत तर रंग नीट चढत नाही.

ब्लेडविना काम हवं तर पेरू. सालीलगतचा कचकच लागणारा गर टाचणीच्या डोक्याएवढा घ्या, सॅफ्रानिनचा फिका थेंब टाका आणि कव्हरस्लिपवर अंगठ्याने दाबा. दाताखाली लागतात त्या अश्मपेशी, म्हणजे दृढ ऊतीच, झुपक्याने लाल दिसतात. भित्तिका इतकी जाड की मधली पोकळी जेमतेम उरते. बाजूला पसरलेल्या फिकट, पातळ भित्तिकेच्या मोठ्या पेशी मूल ऊतीच्या, म्हणजे साध्या मऊ गराच्या.