सॅक न उतरवता पाण्याची बाटली हाताशी कशी ठेवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. डिसेंबरात राजगड-तोरणा करायचा आहे, राजगडाच्या अळू दरवाजाने उतरून डोंगराच्या धारेवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे. त्या वाटेवर सावली कमी आणि पाण्याची खात्री नाही, म्हणून माणशी चार लिटर घेणार. म्हणजे चार किलो नुसतं पाणीच.

माझ्या सॅकचे बाजूचे कप्पे सरळ उभे शिवलेले आहेत. सॅक गच्च भरली की ते आतून ताणले जातात. बाटली ओढून निघते, पण परत आत जात नाही. त्यात उजवा खांदा एकदा निखळलेला, हात मागे वळवला की कळ येते. मग सगळ्यांना थांबवायचा संकोच वाटतो आणि पाणी प्यायचं राहून जातं. गेल्या मे महिन्यात बाटली भरलेली असताना पोटऱ्यांत गोळे आले, उतरताना रडायची वेळ आली.

सॅकमध्ये ठेवून नळीने पाणी ओढायची पिशवी वापरून पाहिली. किती पाणी उरलंय ते कळत नाही. कमरपट्ट्याला अडकवलेली बाटली मांडीवर आपटते, कातळटप्प्यावर तर तोलच जातो.

आता खांद्याच्या पट्ट्यावर पुढे, छातीच्या डावीकडे, अर्ध्या लिटरची बाटली इलॅस्टिकच्या दोरीने बांधायचा विचार आहे. कोणी असं केलंय का? उतरताना पाऊल दिसायला अडथळा होतो का? बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून तिरक्या तोंडाचा कप्पा शिवून घेतला असेल, तर कापड कोणतं वापरलं? फोटो टाकलात तर फार उपकार होतील.