झोपेची गोळी ही कुबडी असेल तर असू दे, मी टाकणार नाही

जेलरोडची बाई

आमचं घर जेल रोडला. रात्री नाशिकरोड स्टेशनाकडून गाड्यांचा आवाज येतो. गेल्या पावसाळ्यात मला मालगाडी कुठली आणि एक्सप्रेस कुठली हे निव्वळ आवाजावरून ओळखू यायला लागलं. छंद नव्हता हा. डोळ्याला डोळा लागत नव्हता, एवढंच.

मी शाळेत शिकवते, वय ४३. डिप्रेशनसाठी एसिटालोप्राम सुरू झाली. दीड-दोन महिन्यांत मन सावरलं, फळ्याकडे तोंड करून डोळे पुसायचं थांबलं. झोप मात्र गेली ती गेली. अकराला आडवी, एकला टक्क जागी, चारनंतर कधीतरी डुलकी आणि साडेपाचला डब्याचा गजर. असे तीन आठवडे. एकदा फोडणी टाकून ओट्यापाशी उभ्या उभ्या पेंगले, ओढणी पेटता पेटता राहिली. डॉक्टरांनी आधी एसिटालोप्राम रात्रीऐवजी सकाळी घ्यायला सांगितली. (ही गोळी काहींची झोप उडवते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.) थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग रात्री क्लोनाझेपाम दिली. त्या रात्री सहा तास झोपले आणि सकाळी चहा पिता पिता रडले. आनंदाने.

त्याला आता चार महिने झाले. घरात रोज कुणीतरी म्हणतं, "सवय लागेल." नणंद फोनवर म्हणते, "वहिनी, टाका आता त्या कुबड्या." सासूबाई बारा वर्षं बीपीची गोळी घेतात, त्यांना कुणी विचारत नाही कधी टाकणार म्हणून. मग माझ्याच गोळीची एवढी लाज का? माझं मत स्पष्ट आहे. मनाच्या आजारात ज्याची झोप गेली त्याने झोपेची गोळी बिनदिक्कत घ्यावी, वर्षानुवर्षं लागली तरी घ्यावी. पटत नसेल तर बोला.

गंगापूर रोडचे काका

ताई, रागावू नका. पण आमच्या पिढीत झोप न येण्याचं दुखणं एवढं नव्हतं, कारण अंग दमायचं. संध्याकाळी सोमेश्वरपर्यंत चालत जाऊन या. रात्री हलकं जेवण, शतपावली, जायफळ घातलेलं दूध, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि ब्राह्ममुहूर्तावर उठा. महिनाभर करून बघा, गोळी आपोआप सुटेल.

जेलरोडची बाई

काका, ब्राह्ममुहूर्तावर मी जागीच असायचे. उठायचा प्रश्नच नव्हता.

अंबड जनरल शिफ्ट

काकांचं सोडा, मी वेगळ्या कारणासाठी तुमच्या विरोधात आहे. मी ही गोळी खाल्लेला माणूस आहे.

अंबडला कारखान्यात तीन पाळ्यांत होतो. पॅनिक अटॅक यायचे, त्यासाठी अल्प्राझोलाम मिळाली. पहिला महिना तुमच्यासारखाच, वाटलं देव भेटला. सहा वर्षं घेतली. पहिल्या वर्षी अर्धी पुरायची, तिसऱ्या वर्षी एक, शेवटी शेवटी दोन घेऊनही रात्री तीनला जाग. एका दिवाळीत गावी गेलो आणि पाकीट नाशिकला राहिलं. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, छातीत धडधड, घामाने गंजी भिजली, दोन रात्री पापणी मिटली नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, अशी अचानक बंद केली तर फिट येऊ शकते. तोवर मी समजत होतो की आजार परत आला. आजार नव्हता तो, गोळी अचानक तुटल्याचा त्रास होता.

बीपीच्या गोळीशी तुलना म्हणूनच पटत नाही. सासूबाईंना उद्या जास्त गोळी लागली तरी ती वय वाढलं म्हणून. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या घराण्याच्या गोळीला मेंदू स्वतःच सरावतो, आणि मग ती नसली की आधीपेक्षा वाईट झोपतो. याला इलाज म्हणायचं की हप्ता भरणं?

मला सुटायला चौदा महिने लागले. डॉक्टरांच्या हाताखाली, पाव पाव गोळीने. आणि झोप आली ती झोपेसाठीच्या सीबीटीने, म्हणजे विचार आणि सवयी बदलायच्या मानसोपचाराने. काकांच्या शतपावलीशी तिचा संबंध नाही. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडलेलं साधं तत्त्व आहे: अंथरुणात जागं पडून राहिलं की मेंदू अंथरुणाला जागं राहण्याशी जोडून टाकतो. म्हणून झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, पेंग आली की परत यायचं, आणि रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ तीच. दुपारी झोप नाही. शिवाय रात्री प्रत्यक्षात जेवढी झोप होते तेवढेच तास अंथरुणात काढायचे, मग हळूहळू वाढवायचे. पहिले दोन आठवडे नरक असतो. बायको म्हणाली, घरात भूत फिरतंय. पण चालतं हे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळीचं नाव न घेता याचंच घेतलं.

मेडिकलच्या काउंटरमागून

दोघांचंही ऐकलं. मी केमिस्ट आहे, माल गोळे कॉलनीच्या घाऊक औषधबाजारातून आणतो, दुकान कुठे ते सांगत नाही.

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या झोपेच्या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत, २०१४ पासून. विकताना रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती दिल्या हे रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. तरी दर आठवड्याला कुणीतरी दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी घेऊन येतं. वरची तारीख घडीत दुमडलेली असते. नाही म्हटलं की, "अहो, झोपेचीच तर आहे!" ताईंचे डॉक्टर ताईंना बघतायत, त्यामुळे माझं भांडण ताईंशी नाही. पण "बिनदिक्कत घ्यावी, वर्षानुवर्षं घ्यावी" हे वाक्य वाचून जो उद्या माझ्या काउंटरवर येईल, त्याला डॉक्टरने शेवटचं कधी बघितलंय?

जाता जाता: झोल्पिडेमचा स्त्रियांसाठीचा डोस अमेरिकेत २०१३ मध्ये निम्मा केला गेला, कारण सकाळपर्यंत औषध रक्तात उरून गाडी चालवणं धोक्याचं ठरत होतं. क्लोनाझेपाम तर त्याहून कितीतरी जास्त रेंगाळते, निम्मी उतरायलाच साधारण ३० ते ४० तास. शाळेत स्कूटरने जाता का?

जेलरोडची बाई

जाते. सकाळी डोकं जड असतं हे मी वर लिहिलं नव्हतं, कारण इथे कबूल केलं की लगेच "बघा, म्हटलं नव्हतं?" सुरू होणार. असतं जड. पहिल्या तासाला मुलांची नावं चुकतात. पण तीन आठवडे न झोपता स्कूटर चालवत होते तेव्हा काय कमी धोका होता?

आणि दादा, ती सीबीटी करून घेणारं कोण? मी दोन ठिकाणी विचारलं. एकाने मला बोलतं केलं, छान माणूस, पण झोपेचं वेळापत्रक वगैरे काही नाही. दुसरीकडे फी ऐकूनच झोप उडाली. आयजीच्या जिवावर बायजी उदार असं नको व्हायला. उपाय चांगला असेलही, पण मला बुधवारी पेपर तपासून द्यायचेत.

दोन टोकं

अंबडवाल्या दादांना एक सांगायचंय, आणि जरा जोरात सांगतोय. मला बायपोलर आहे, लिथियम घेतो. "रात्री जेवढी झोप होते तेवढेच तास अंथरुणात" हा प्रयोग माझ्यासारख्याने परस्पर केला तर मॅनिया, म्हणजे मन बेफाम सुसाट सुटणं, उसळू शकतो. माझ्याकडे कमी झोप ही नुसती तक्रार नसते, धोक्याची घंटा असते. तीन तास झोपून सकाळी ताजंतवानं वाटलं, की बायको कॅलेंडरवर लाल टिंब करते. सलग दोन टिंबं झाली की फोन डॉक्टरांना. मागच्या वेळी तिसऱ्या टिंबापर्यंत थांबलो, तर कॉलेज रोडवर चाळीस हजारांचे बूट घेऊन आलो होतो. तीन जोड. एक तर माझ्या मापाचाही नव्हता.

माझी रात्रीची गोळी, क्वेटियापिन, माझा मूड धरून ठेवते आणि झोपही देते. वजन नऊ किलो वाढलं, साखर सहा महिन्यांनी तपासतो. तरी घेतो. तुमच्या हिशेबात मी हप्ता भरतोय का?

अंबड जनरल शिफ्ट

नाही. आणि ते वाक्य मी चुकीचं लिहिलं. बायपोलर असेल तर ते तास कमी करणं परस्पर करू नये, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. फिट येणाऱ्यांनीसुद्धा नको. आजाराचं औषध वेगळं आणि फक्त झोपेसाठी वर चिकटवलेली गोळी वेगळी. माझा वाद दुसरीशीच आहे.

पंचवटीची सून

हे दुसरी-पहिली बाहेरून ओळखता येतं का पण? माझ्या दिरांना रिस्पेरिडोन ही मनाच्या आजाराची गोळी सुरू झाली आणि रात्रभर ते घरात येरझाऱ्या घालायचे. बसले की पाय हलवत, झोपले की लगेच उठून बसत. सगळे म्हणाले झोप लागत नाही, झोपेची गोळी वाढवा. सासरे रामकुंडावर नेऊन आणायचे पहाटे. शेवटी मीच डॉक्टरांना म्हटलं, यांना झोप येतेय, पण अंग एका जागी ठरत नाहीये. त्यांनी लगेच ओळखलं, अकॅथिशिया म्हणाले. औषधाचाच परिणाम. डोस कमी केला, प्रोप्रानोलॉल दिली, आठवड्यात माणूस झोपला. झोपेची गोळी वाढवलीच नाही.

डॉक्टरांना "झोप नाही" एवढंच सांगून भागत नाही. लागत नाही, की लागून मोडते, की पाय वळवळतात, की झोप नको असं वाटतं, ते सांगावं लागतं. आमच्याकडे दोन महिने कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

गंगापूर रोडचे काका

मग चालायला जाणं वाईट का?

पंचवटीची सून

काका, वाईट कुणी म्हटलं! पण गोळी "आपोआप सुटेल" हे वाईट. आमच्याकडे अशाच सल्ल्यावर एकदा सगळंच बंद केलं होतं, आणि पुढचे तीन आठवडे वॉर्डात गेले. जायफळाचंही चिमूटभर ठीक, लोक चमचाभर टाकतात, ते डोक्यात जातं. अश्वगंधासुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, गुंगी वाढू शकते.

जेलरोडची बाई

पंचवटीच्या ताई, तुमचं वाचून मी वही काढली. मला झोप लागते लवकर, मोडते एकला. आणि जाग आली की पहिला विचार शाळेचा नसतो, आईचा असतो. ती मागच्या वैशाखात गेली, रात्री एकच्या सुमारास. हे मी डॉक्टरांना सांगितलेलंच नाही. त्यांनी विचारलं नव्हतं असं म्हणणार होते, पण विचारलं होतं. मी "काही विशेष नाही" म्हणाले.

गोळी मी टाकणार नाहीये, हे कायम. सोमवारी जातेय. सकाळचं जडपण सांगणार, स्कूटरचं सांगणार, आईचं जमलं तर सांगणार. आणि किती दिवस घ्यायची हे विचारणार. हे आजवर विचारलंच नव्हतं, कारण उत्तराची भीती वाटायची.

दोन टोकं

रात्री एकला फार अंधारून आलं तर १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट, रात्रीही उचलतात. मी एकदा लावला होता. पलीकडची मुलगी मराठीत बोलली, एवढ्यानेच निम्मं हलकं झालं.

अंबड जनरल शिफ्ट

ताई, "टाकणार नाही" याच्याशी मी अजूनही सहमत नाही. चार महिने मला जास्तच वाटतात. पण टाकायची वेळ आली तर एका रात्रीत टाकू नका, दिवाळीला गावी जाताना पाकीट पर्समध्ये आहे ना बघा, आणि सोमवारी दुसरं काही नाही विचारलंत तरी उतरवायची कशी ते लिहून घ्या. तोंडी नको. मी तोंडी घेतलं होतं.